रफू करणाऱ्या दोघी

३ फेब्रुवारी

कॉन्व्हेंट शाळेतला शिवणाचा तास आठवला. ताई आणि मी एका बाकावर, मध्ये एकच फाटका मोजा. ती टाचेकडून रफू करत यायची, मी बोटांकडून. सिस्टर मागून येऊन वाकायच्या. "हे टाके कुणाचे?" – आणि त्यांना कळायचंच! माझे नेहमी गचाळ.

आठवण्याचं कारण चिमणी. माझी शेवटची विद्यार्थिनी. आवाज बारीक म्हणून सगळा विभाग चिमणीच म्हणतो. संमेलनासाठीच्या निबंधाचा मसुदा ठेवून गेलीय. विषय – युरोपातल्या एका ख्रिस्ती मठातल्या मध्ययुगीन प्रार्थनापोथीतलं रफूकाम. पानं कातड्याची, त्यांत मुळातच भोकं. मठातल्या बायका ती रंगीत रेशमानं शिवायच्या, लिहिणारी त्या भोकांना वळसा घालून ओळ पुढे न्यायची. किती वर्षं शिकवलं हे! अजून गंमत वाटते.

५ फेब्रुवारी

मसुदा वाचला. सुरुवात सुरेख, शेवट मिळमिळीत. "बहुधा", "कदाचित", "असंही म्हणता येईल". हिला झालंय तरी काय?

६ फेब्रुवारी

चिमणीला समोर बसवलं. आधी तिनं नखं कुरतडली, मग पिशवीतून फोटो काढले. एकाच भोकाचे टाके – अर्धे उजवीकडे कललेले, अर्धे डावीकडे. एकीची गाठ मागे लपवलेली, दुसरीची पुढेच, ढळढळीत. सुरुवातीच्या पानांवर ही दुसरी अगदी धसमुसळी. पुढे पुढे हात बसत गेलेला.

"म्हणजे दोघी," मी म्हटलं. "एक शिकवणारी, एक शिकणारी."

"हो मॅडम."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुमच्या पुस्तकात एकच आहे ना... म्हातारी. एकटीच."

आहे खरी. अख्खं प्रकरण आहे. खिडकीपाशी एकटीच शिवत बसलेली. किती मायेनं लिहिली होती मी तिला!

"तुम्हाला चुकीचं कसं म्हणू, मॅडम?"

वेडी पोर. संमेलनात पहिली आली तर संशोधनाची शिष्यवृत्ती. नाही आली तर वडिलांच्या दुकानात, गल्ल्यावर – तसा निरोपच आलाय घरून. आणि ही माझा मान राखतेय! स्पष्ट लिहायला सांगितलं. तिनं मान डोलावली. लिहील असं वाटत नाही.

घरी ताईला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे तुझी म्हातारी वारली म्हण की!" दोघी खूप हसलो. मग मला हसू येईना.

९ फेब्रुवारी

नवा मसुदा. "कदाचित" गेलेलं नाही, नुसतं जागा बदलून बसलंय.

जिन्यात विभागप्रमुख भेटले. "मॅडम, निवृत्तीच्या वर्षी तुमच्याच विद्यार्थिनीनं तुम्हाला खोडायचं? बरं दिसेल का?" म्हटलं, छान दिसेल.

१४ फेब्रुवारी

संमेलन. चिमणी उभी राहिली, छान बोलली आणि "कदाचित"पाशी येऊन अडली. मी पहिल्या रांगेतून हात वर केला.

"या विषयावर एक पुस्तक आहे. त्यात म्हटलंय, हे काम एकीचंच. बरोबर की चूक?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले.

"चूक."

"का?"

मग जी सुटली! कल, टाके, गाठी. मागून कुणीतरी म्हणालं, एकच बाई पान फिरवून शिवत असेल. "पान फिरवून कल बदलेल हो," ही म्हणाली, "गाठ मारायची सवय बदलेल का?" टाळ्या! सगळ्यांत जोरात माझ्या.

घरी येऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं. सुंदर आहे. चूक आहे. थोडी रडले. उगाचच एकटी ठेवली मी तिला. शेजारी कुणीतरी होतं.

१६ फेब्रुवारी

निकाल लागला. पहिला आला जुन्या पोथ्यांची शब्दसूची करणारा एक मुलगा. चिमणी तिसरीसुद्धा नाही. परीक्षकांचा शेरा – "मार्गदर्शकांविषयी अनादर." अनादर! अहो, मीच विचारलं होतं ना?

"जाऊ द्या मॅडम," चिमणी म्हणाली. "दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. वाचता येतं." तिनं हे हसून म्हटलं म्हणून जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी बोलावलं. चहा मागवला. "विभाग तुम्हाला सोडत नाही मॅडम!" निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ – खोली, पगार, सगळं. इतकं बरं वाटलं! सकाळी उठून जायला एक जागा – या वयात आणखी काय हवं!

मग चिमणीचं विचारलं.

"जागा एकच आहे हो. तुम्ही नको म्हणालात तर तिला घेता येईल. पण तुम्ही थोड्याच नको म्हणणार!" आणि हसले.

पत्र पर्समध्ये घालून घरी आले.

१८ फेब्रुवारी

मुदतवाढीचं पत्र – विभागप्रमुखांना परत, सही न करता. वर त्याच जागेसाठी चिमणीचा अर्ज टाचून.

खोलीची किल्ली, मोठं भिंग, पोथीचे सगळे फोटो – चिमणीला.

माझं पुस्तक – तेही तिलाच. त्या प्रकरणावर उभी रेघ मारून.

तिच्या वडिलांना – फोन. मीच करणार.

ताईला – मी. दिवसभर. बिचारी!