प्रलंबित: शून्य

३ मार्च, सोमवार, सकाळी ७.१०
आजपासून मी डॉक्युमेंटेशन-प्रमुख! वाचनालयं चालवायचं जे मोफत ओपन सोर्स (म्हणजे कुणीही सुधारणा पाठवाव्यात असं) सॉफ्टवेअर आहे, त्याच्या माहितीपुस्तिकेची सगळी सूत्रं माझ्या हाती. थोरल्यांची मेल आली. (थोरले म्हणजे ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं तो. वय एकोणतीस, पण सगळे थोरलेच म्हणतात.) दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मला नेमलं, असं लिहिलंय. संकोची माणूस आहे, तोंडावर कौतुक करत नाही.
सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती २९ तारखेला. लोकांनी पाठवलेले ६३ बदल पडून आहेत. रोज पाच पाहिले तर तेरा दिवसांत फडशा. संकल्प: रोज पाच.
आज एकही नाही. आधी टेबल आवरलं.

संध्याकाळी
सासूबाईंना काम समजावलं. लोक बदल लिहून पाठवतात, मी वाचायचे, बरोबर असले तर मंजूर करायचे, की ते पुस्तिकेत येतात. त्या म्हणाल्या, म्हणजे जावईबापू, लोकांनी लिहायचं आणि तुम्ही फक्त हो म्हणायचं. इतकं सोपं असतं तर मला कशाला नेमलं असतं?

५ मार्च, बुधवार
पहिला बदल उघडला. पाठवणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई, हॉस्पिटलात रुग्णांसाठी वाचनालय चालवतात. विषय: नवी आवृत्ती टाकण्याआधी जुन्या नोंदी सुरक्षित कशा काढून ठेवायच्या. मथळ्यातच अडलो. बाईंनी तो प्रश्नासारखा घातलाय. पुस्तिकेत इतरत्र कुठे प्रश्न, कुठे हुकूम, कशाचा कशाला मेळ नाही. असं एकेक सुटं पाहत बसण्यात अर्थ नाही, आधी नियमावली हवी. संकल्प: दोन दिवसांत नियमावली, मग रोज दहा.
नर्सबाईंना कळवलं की मथळ्याबाबत विचार चालू आहे.

८ मार्च, शनिवार
नियम झाले १९.
ही ज्या वाचनालयात ग्रंथपाल आहे तिथेही आपलंच सॉफ्टवेअर. रविवारी ३० तारखेला वाचनालय बंद, तेव्हा नवी आवृत्ती टाकणार म्हणाली. पण नोंदी आधी काढून कशा ठेवायच्या ते पान पुस्तिकेत सापडत नाही. मी म्हटलं, येतंय. कधी, म्हणाली. मी म्हटलं, त्याला एक प्रक्रिया असते. त्यावर म्हणाली, प्रक्रियेशी तिला काही घेणंदेणं नाही, नोंदी गेल्या तर कुणाकडे काय आहे ते विचारत तिला घरोघर फिरावं लागेल, अकरा हजार पुस्तकं आहेत. अतिशयोक्ती करते. एका वेळी बाहेर असतात फार तर नऊशे.

१२ मार्च, बुधवार
नियमावली पूर्ण. नियम २७. ओळीची लांबी, चित्राची रुंदी, फाइलचं नाव, सगळं आलं. नियम १४ (प्रत्येक मजकूर स्वतंत्र बुद्धीने लिहावा, दुसऱ्याच्या मसुद्याचा प्रभाव पडू देऊ नये) लिहिल्यावर तर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.
नर्सबाईंच्या पानावर नऊ सूचना दिल्या, सगळ्या बाह्यरूपाच्या. त्यांनी दुपारपर्यंत नऊच्या नऊ दुरुस्त्या करून पाठवल्या. एवढ्या वेगात केलेलं काम बारकाईने तपासावं लागतं. सवडीने.
प्रलंबित: ७१.

१५ मार्च, शनिवार
ऑफिसच्या प्रिंटरवर नियमावली छापली. ४४ पानं. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, समाजकार्य. साहेब म्हणाले, मग कागदही समाजाचा वापरा. दृष्टी नसलेला माणूस.
आज बदल पाहायचे होते, पण मूड गेला.

१७ मार्च, सोमवार, सकाळी ६.३०
दात घासताना सुचलं. बॉट! ज्या बदलावर तीन दिवस काही हालचाल नाही तो बॉट आपोआप बंद करणार आणि पाठवणाऱ्याला नम्र संदेश देणार: आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने हा बदल बंद करत आहोत. लोकांना शिस्त लागेल. संध्याकाळी बसवला. तीन दिवसांनी कामाला लागेल.

२० मार्च, गुरुवार, सकाळी ६.४५
प्रलंबित: शून्य!!
काल चौऱ्याहत्तर होते. आज डोळे चोळून पाहिलं, शून्य. घरात सगळ्यांसाठी चहा मी केला. सासूबाईंनी बरं वाटतंय ना म्हणून विचारलं.
थोरल्यांना कळवलं की काम संपवलं. उत्तर आलं, एवढे सगळे मंजूर केले? कमाल आहे. मी नुसता आभारी आहे एवढंच लिहिलं. त्यात खोटं काही नाही.

२४ मार्च, सोमवार
चाळीस मेल. लोकांना चांगलं बघवत नाही. नर्सबाई लिहितात, प्रतिसाद मी द्यायचा होता की तुम्ही? बारा तारखेपासून तुमच्या उत्तराची वाट पाहतेय. सूर बरा नव्हता. रुग्णसेवेत आयुष्य गेलेल्या बाईंकडून जास्त धीराची अपेक्षा होती. एका शिक्षकाने तर यापुढे एक ओळही पाठवणार नाही म्हणून कळवलं. असो. हौशी लोक गळतात, पक्के तेवढे राहतात. सध्या पक्के: मी.
हिने पुन्हा पानाचं विचारलं. शब्द दिला, शनिवारपर्यंत मी स्वतः लिहितो. एका बैठकीचं काम.

२६ मार्च, बुधवार
लिहायला बसलो. मथळा झाला: नोंदींचे जतन, एक भूमिका. दोन तास गेले, पण मथळा झकास.
पुढे एक अडचण आली. नोंदी काढून ठेवायचं काम मी स्वतः कधी केलेलं नाही. नर्सबाईंच्या पानात पाहता आलं असतं, पण नियम १४.

२९ मार्च, शनिवार, दुपारी ४
नवी आवृत्ती बाहेर पडली. थोरल्यांनी पुस्तिका उघडली आणि फोन केला, आजवर पहिल्यांदाच. चौऱ्याहत्तर बदल गेले कुठे म्हणाले. मी नियमावलीकडे त्यांचं लक्ष वेधलं. पहिला नियम वाचून दाखवायला घेतला. तेवढ्यात फोन कट झाला. रेंज गेली असावी.
पान झालेलं नाही. त्या जागी ‘मजकूर लवकरच’ असं टाकलंय. हिने आज काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार, दुपारी २
मदतीला म्हणून हिच्याबरोबर वाचनालयात गेलो. शिपाई खुर्च्या उलट्या करून फरशी पुसत होता. हिने काउंटरवरचा संगणक सुरू केला, पुस्तिका उघडली. ‘मजकूर लवकरच’. मी म्हटलं, मला साधारण कल्पना आहे, ते डावीकडचं दुसरं बटण दाब. दाबलं. सभासदांची यादी कोरी झाली. अठराशे सभासद होते, एकही दिसेना. तिने माउस माझ्यापासून लांब सरकवला.
तिने फोन लावला. नर्सबाईंना! सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर दोघींची ओळख झालीय म्हणे. बाईंनी आपलं पान फोनवर वाचून दाखवलं, एकेक पायरी, ही करत गेली. चौथ्या पायरीला यादी परत आली. अकराव्या पायरीला सगळ्या नोंदी सुखरूप बाहेर. ते बटण दाबायला कुणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं. ही म्हणाली, घरच्याच एकाने. माझं नाव सांगितलं नाही. मी तिचा फार आभारी आहे.

संध्याकाळी ५.४०
घरी आल्यावर हिने एकच विचारलं, ते पान तू वाचलं होतंस का. मी मथळ्याचं सांगायला लागलो. ती आत निघून गेली.
बंद केलेल्या बदलांतून नर्सबाईंचं पान शोधून काढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. सरळ, साधं, कुणालाही कळेल असं. खाली एक ओळ आहे, यादी कोरी दिसली तर घाबरू नका, नोंदी जागेवरच असतात. चूक शोधली. सापडली नाही. वाचायला एकूण चार मिनिटं लागली.
मंजूर करायला गेलो. बटण दिसेना. थोरल्यांनी ते आज दुपारीच नर्सबाईंना दिलंय.