पेटीत जास्त निघालेले पाचशे

सोम., ३ फेब्रु.
शाळेची पाण्याची मोटर जळाली. नायगावच्या खाऱ्या पाण्यात कुठली टिकते म्हणा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी गेल्या त्या परतल्याच नाहीत. डॉमनिक मेकॅनिक मोटर दुरुस्तीला घेऊन गेला. किरकोळ रोखीतून एका कामाला जेवढे देता येतात, त्याहून पाचशे जास्त सांगतोय. वरच्या खर्चाला तालुक्याची मंजुरी, म्हणजे दिवाळी उजाडणार. मुख्याध्यापिका मी, रोखीच्या पेटीची किल्ली माझ्याकडे, बोलणीही मलाच.

मंगळ., ४
वरचे पाचशे घरून आणले, पेटीतच ठेवले. पर्समध्ये राहिले तर भाजीत जातात. हे म्हणाले, "पगारच देऊन टाक शाळेला."

बुध., ५
अचानक तपासणी. लेखा विभागाचे साहेब. शिल्लक रोख अधिक पावत्या, बेरीज मंजूर रकमेइतकीच हवी. पाचशे जास्त निघाले.
"मॅडम, हे कुणाचे?"
"माझे. मोटरसाठी."
"सरकारी पेटीत खासगी पैसे? कमी असते तर तुमच्याकडून भरून घेतले असते. जास्तीचं काय करू?"
पेटीला सील, मला लेखी खुलासा. नुसता संताप झाला. चार घास गेले नाहीत.

गुरु., ६
केंद्रप्रमुख सरांचा फोन. "बाई, लिहून द्या, रक्कम कुणाची माहीत नाही. शासनजमा होईल, सील लगेच निघेल. तुमची म्हणालात तर चौकशी, तोवर पेटी बंद."
"पण मी साहेबांना सांगितलंय."
"तोंडी ना? मग झालं."
सायली (७ वी) परिपाठाला चक्कर येऊन पडली. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. "प्यायलं की जावं लागतं, बाई." ऑफिसात येऊन रडले.

शुक्र., ७
डॉमनिक मोटर घेऊन हजर. "टीचर, पानी चालू करून जातो, पैसे मागाहून द्या." सरकारी कामात उधारी चालत नाही. सगळे मीच भरले तर त्याचा आणखी वेगळा खुलासा. मोटर व्हरांड्यात ठेवून गेला बिचारा.

खुलासा सोमवारी सकाळी द्यायचा. 'जास्त आढळलेली रक्कम' इथपर्यंत लिहिलाय. पुढे 'माझी' लिहू की 'कुणाची माहीत नाही'? माझेच पैसे, आणि मीच नाही म्हणायचं. सही माझी राहणार कायमची. दोनदा पेन उचललं, ठेवलं.

शाळा सुटताना सायलीची आई आली होती. पाणी येणार असेल तर सोमवारी पाठवू का, म्हणाली. पाठवा म्हटलं.