अनुपमाच्या खाटेची जागा

अहो,

देऊळघाटले कीर्तनाले चालली. पिठलं गरम करून घ्या.

रोज दिवाबत्तीआधी मी लेकीच्या खाटेसाठी मागच्या खोलीतून एक वस्तू बाहेर काढते, अन् सकाळी तुम्ही ती गुपचूप आत नेऊन ठेवता. तो गळका फवारणी पंप तर तीनदा परत गेला! हसू येते मले. पण अनुपमा यावेळी माहेरपणाले नाही, कायमची राहायलेच येणार आहे. तुम्हाले ते ठाऊक आहे, पण मानवत नाही, म्हणूनच खोली रिकामी होत नाही.

आज मी काहीच काढलं नाही. आजची वस्तू तुमच्या हातानं निघू द्या.

संध्याकाळच्या गाडीनं ती मलकापूरले उतरन. तुम्हीच आणायले जा. हरिनाम घेत बसली तरी माझं ध्यान स्टेशनावरच राहीन. रस्त्यात तिले काही विचारू नका.

छाया