सेकंदाला साठ फ्रेम

५ मार्च, सकाळी ८
गेम खेळताना गुणी बाळासारखा वागणारा कॉम्प्युटर रेकॉर्डिंग सुरू केलं की बैलगाडी का होतो? मला माहीत नाही. हे फक्त इथे कबूल करते. घरातली पहिली पदवीधर मी, तीही कॉम्प्युटर सायन्सची. बाहेर असं बोलून चालायचं नाही.

काम असं आहे. पूल बांधायचा गेम काढणाऱ्या एका कंपनीला तो मराठीत समजावणारं माणूस हवं आहे. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचं. अट एकच: ज्याने जन्मात गेम खेळला नाही, त्यालाही कळलं पाहिजे. माझ्या दृष्टीने ही नोकरी नाही, लोकशिक्षण आहे. काम झाल्यात जमा आहे, असं घरी सांगून टाकलं.

आज रेकॉर्डर टाकला. कॉम्प्युटर लावला की तो आपोआप सुरू होतो, चित्र आणि आवाज दोन्ही घेतो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

६ मार्च
रेकॉर्डर अगदीच साधा निघाला. चित्र अडखळतं. व्यावसायिक लोक वापरतात तो दुसरा टाकला. प्रश्न मिटला.

७ मार्च, दुपारी
मिटला नाही. जास्तच अडखळतं. ट्रक पुलावर चढतो, थिजतो, आणि एकदम नदीत दिसतो. मधलं काहीच येत नाही. पूल माझ्यामुळे नाही, कॉम्प्युटरमुळे पडतो, हे बघणाऱ्याला कसं कळणार?
संकल्प: रिझोल्यूशन कमी करणे. ब्राउझरचे सगळे टॅब बंद करणे. (एकोणीस उघडे ठेवले. ते लागतात.) चिडायचं नाही.

८ मार्च
बाबांचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. घोडं कुठे अडलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सेकंदाला साठ फ्रेम हव्यात, वीसच होतात. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले की त्यांच्या हातून दिवसाला अकराच्या वर कधी झाल्या नाहीत, तेव्हा वीस काही वाईट नाहीत. मी म्हटलं, बाकीच्या पडतात हो.
संध्याकाळी बघते, तर बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या फोटोंचे खिळे बदललेले. आता पडायच्या नाहीत, म्हणाले.
अशा परिस्थितीत मी काम करते आहे.

१० मार्च
घरातलं वायफाय माझ्यासाठी राखून ठेवलं. रेकॉर्डिंगला वायफाय लागत नाही हे मला माहीत आहे, पण शिस्त हवी. आईचं मावशीशी व्हिडिओवर बोलणं बंद झालं. ती कुरकुरली नाही. तुझं एकदाचं होऊ दे, एवढंच म्हणाली. बाबासुद्धा मागे उभे राहून कौतुकाने बघत असतात. दोघांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की कधीकधी दडपण येतं.

११ मार्च
दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडून धूळ उडवली आणि मागे दुसरा कुठला रेकॉर्डर चालू आहे का, असं विचारलं. मी त्याला माझं शिक्षण सांगितलं. तो म्हणाला, ताई, शिक्षण नाही विचारलं, मागे काय चालू आहे ते विचारलं.
उद्धट माणूस. पाठवून दिला.

१३ मार्च
डिस्क भरली म्हणे. कशाने भरली? माझ्या नावावर एक धड रेकॉर्डिंग नाही. ज्याला रोज मऊ फडक्याने पुसते, त्यानेच दगा द्यावा.
चिडायचं नाही हा संकल्प तूर्त स्थगित.

१४ मार्च, सकाळी ११
सापडलं. पहिला रेकॉर्डर. मी तो बंद केलाच नव्हता. नऊ दिवस दोन्ही रेकॉर्डर एकमेकांना रेकॉर्ड करत बसले होते. यात माझी चूक नाही. त्याने सांगायला हवं होतं.
बंद केला. ट्रक अलगद सरकत गेला. पूल पडला, पण काय सुंदर पडला. साठच्या साठ फ्रेममध्ये.

दुपारी १
जागा करायला जुन्या फाइली पुसत होते. एक सहज उघडली. १२ तारखेची, मी कॉलेजात दाखला आणायला गेले होते तेव्हाची. पडद्यावर माझा अर्धवट पूल, आणि बाबांचा आवाज. गेम चालवताहेत आणि आईला समजावताहेत.
"ही चौकट बघ. नुसती चौकट दाबली की कलते. आता हिला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी दे. आता हलते का?"
नाही हलत, आई म्हणाली. ट्रक निघाला आणि पलीकडे पोचला. आईने विचारलं, ड्रायव्हर आता घरी जाणार का.
ट्रक पलीकडे पोचलेला मी पहिल्यांदाच पाहिला.
मग आईने विचारलं की पोरीचं होईल ना हे.
"नाही व्हायचं. पंधरापर्यंत काही बोलू नकोस. सोळापासून चष्मेवाल्याच्या काउंटरवर बसेल, मी शब्द दिलाय. तिथेही फ्रेमच असतात, करमेल तिला."
आई हसली. माझी आई.

दुपारी ४
जेवले नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच रेकॉर्डरने, माझ्याच पाठीमागे. आणि आवाज किती स्वच्छ.
बाबांनी येऊन विचारलं, झाल्या का साठ? झाल्या, म्हटलं. त्यांना खरोखर आनंद झाल्यासारखा दिसला. इतका मुरलेला नट घरात आहे याची मला कल्पना नव्हती.
उद्या स्वतःचंच पाठवणार. यांना दाखवूनच देते.

१५ मार्च, दुपारी ३
सकाळपासून सहा रेकॉर्डिंग. एकही फ्रेम पडली नाही. पूल सहाही वेळा पडला. चित्र अडखळत नसल्यामुळे मी काय बोलते ते आज पहिल्यांदा नीट ऐकलं. 'भारवितरणाची संकल्पना' चार वेळा. 'हे तर उघडच आहे' सात वेळा.
सगळ्यात चांगलं होतं ते आईला दाखवलं. तिने शेवटपर्यंत मान डोलावली आणि विचारलं, ट्रक कधी निघतो?
तो पडूनही झाला होता.

४ वाजून ५० मिनिटं
पाठवलं. १२ तारखेची फाइल, बरोब्बर दहा मिनिटं. चष्मेवाल्याचं बोलणं कापलं, आईचा ड्रायव्हर ठेवला. नाव बाबांचं. शिक्षण सातवी. 'इतर माहिती'च्या रकान्यात 'रेकॉर्डिंग: मुलगी, पदवीधर' असं लिहिलं.
बाबांना विचारलेलं नाही. चष्मेवाल्याला शब्द देताना मला कुठे विचारलं होतं?