चौकटीतलं वाक्य

आई, तुझी तांदळाच्या मीटिंगांची वही अजून माझ्याकडे आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, लांबट. अमेरिकेतलं आपलं पिस्कॅटवेचं घर विकलं तेव्हा पातेली देऊन टाकली, तुझ्या साड्या मावशीकडे पाठवल्या, पण वही कोणाला देणार? तुझ्या ऑफिसात ती कोणालाच वाचता आली नसती, आणि म्हणून तर तू ती मराठीत लिहायचीस. अमेरिकेतले आणि जपानमधले शेतीधोरणाचे अभ्यासक वर्षातून एकदा तुमच्या संस्थेत जमायचे, जपाननं बाहेरचा तांदूळ येऊ द्यावा की नाही यावर चार दिवस बोलायचे, आणि त्या बोलण्याचा अहवाल करणं तुझ्याकडे असायचं. अहवालात कोणाचं नाव घालायचं नाही, असा नियम होता. ‘एका सदस्याचं मत पडलं’ एवढंच लिहायचं. मला तेव्हा वाटायचं, यापेक्षा कंटाळवाणं लिखाण जगात नसेल.

“मीटिंगमध्ये ते घरून लिहून आणलेलं वाचतात,” तू म्हणायचीस. “खरं काय ते जेवताना कळतं.” म्हणून मीटिंगच्या आधी तू पाहुण्यांना एकेक करून घरी बोलवायचीस. त्यातले एक दरवर्षी यायचे. त्यांच्या पाठीमागे मी त्यांना ‘भातवाले काका’ म्हणायचे आणि तू हसू दाबून माझ्यावर डोळे वटारायचीस. पहिल्या वर्षी त्यांनी दारातच दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं होतं, आणि तूही गडबडून दोन्ही हात पुढे केले होतेस, एका हातात पळी होती. चौथ्या वर्षी ते स्वतः उठून फ्रिजमधून दही काढून घेत होते. आपला दहीभात त्यांना फार आवडायचा. लिंबाच्या लोणच्याची फोड मात्र ते बाजूला ठेवायचे आणि शेवटी औषधासारखी खायचे. दर जानेवारीत त्यांचं नव्या वर्षाचं कार्ड यायचं. ते तू फ्रिजवर लावायचीस, आणि वर्षभर तिथून हलवायची नाहीस.

त्या वर्षी मी वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली, तुझे अहवाल टाइप करणारी. तू मराठीत टिपलेलं मी इंग्रजीत उतरवते. मी नऊ वर्षांची असताना आपण इथे आलो, आणि माझं मराठी जाऊ नये म्हणून तू रविवारी सकाळी मला समोर बसवून शुद्धलेखन घालायचीस. त्यामुळे तुझं घाईतलं अक्षरही मला लागायचं. संध्याकाळची वेळ, मी ओट्याशी काकडी चिरते आहे आणि भातवाले काका टेबलाशी बसलेत. सावकाश इंग्रजीत ते म्हणतात, “माझा मोठा भाऊ गावी भात पिकवतो. मला वाटतं, बाहेरचा तांदूळ थोडा थोडा येऊ द्यायला हवा. पण हे मी कुठे बोललो तर भाऊ मला घरात घेणार नाही.” तू त्यांच्या पानात आणखी भात वाढतेस. ते गेल्यावर वही उघडून तू ते वाक्य पेनानं लिहितेस, आणि त्याच्याभोवती पेन्सिलनं चौकट आखतेस.

चौकटीतलं छापायचं नाही, हे तू मला आदल्या वर्षीच शिकवलं होतंस. तेव्हा मी वाद घातला होता. “बट आई, दॅट्स द बेस्ट पार्ट!” तू चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंस. “असेल बेस्ट. पण ते आपलं नाही, त्यांचं आहे. आपल्याकडे जेवायला बसलेल्या माणसाचं बोलणं आहे ते.” आवाज चढवला नव्हतास, तरी मी दोन दिवस फुगून बसले होते.

आणि तरी मी ते वाक्य घातलं. का, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे, आणि दर वेळी एकच हाती लागतं. पन्नास पानांत तेवढं एकच वाक्य जिवंत होतं, आणि ते मला सापडलंय हे मला मिरवायचं होतं. नाव घातलं नाही. ‘एका जपानी सदस्याचं, ज्यांचा भाऊ स्वतः भातशेती करतो, असं मत पडलं’ असं लिहिलं. नियम पाळला म्हणून स्वतःवर खूशही झाले. छपाईला जाण्याआधी मी तुला विचारलं, “वन्स वाचतेस का?” तू कपड्यांच्या घड्या करत होतीस. “तू केलंयस ना? मग मी कशाला बघू,” म्हणालीस.

शेतकरी भाऊ असलेले त्यांच्यात ते एकटेच होते. टोकियोत अहवाल पोचल्यावर कळायला कोणाला वेळ लागला नाही. तुमच्या डायरेक्टरांचा फोन आला तेव्हा मी जिन्यात उभी होते. तू फक्त “नो, नो, इट वॉज नॉट इन द मीटिंग” म्हणत होतीस, आणि तुझा आवाज बारीक होत गेला. मग तू गाडी काढून ऑफिसात गेलीस. मी तुझ्या टेबलाशी गेले, वही उघडली, आणि खोडरबरानं ती चौकट पुसली. चारही बाजू. रबराचा कीस तळहातावर गोळा करून सिंकमध्ये टाकला.

परत आल्यावर तू चप्पलही न काढता वही उघडलीस. त्या वाक्याखालून बोट फिरवत राहिलीस. “चौकट नाहीये गं,” म्हणालीस. “मी केली होती असं मला वाटत होतं.” मी बाजूला उभी होते, आई. तोंड उघडायचं होतं फक्त. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “तुझी काही चूक नाही. तुला कसं कळणार?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास.

डायरेक्टरांना तू सगळा दोष स्वतःचा म्हणून सांगितलास आणि ते काम सोडलंस. पुढच्या वर्षी जपानहून दुसरेच कोणी आले. भातवाल्या काकांचं तुला दोन ओळींचं पत्र आलं, तुमच्या घरचं जेवण मला कायम आठवेल, एवढंच. त्यांच्या भावाचं काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. जानेवारीभर तू टपालाची पेटी दिवसातून दोनदा उघडायचीस. कार्ड आलं नाही. जुनं तू फ्रिजवरून काढलंही नाहीस.

पण त्याहून वाईट नंतर झालं, आणि ते मी रोज बघत होते. तुझा तुझ्यावरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला का, म्हणून तू अर्ध्या वाटेतून गाडी वळवायचीस. फ्रिजवर चिठ्ठ्या, पर्समध्ये चिठ्ठ्या. सगळ्या मीटिंगा तारखांसकट पाठ असलेली बाई दुकानात यादी तीनदा वाचायला लागली. “माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही आता,” असं हसून म्हणायचीस, आणि मैत्रिणीही हसायच्या. तुझं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. गेलीस ती कॅन्सरनं, त्यानंतर दहा वर्षांच्या आत.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी तुला दहीभात भरवत होते. तू मध्येच चमचा थांबवलास. “तुला आठवतं का गं, मी त्या वाक्याला चौकट केली होती?” किती आशेनं विचारलंस. मी म्हणाले, “आय डोन्ट रिमेंबर, आई.” तू मान हलवलीस आणि पुन्हा तोंड उघडलंस, लहान मुलासारखं.

केली होतीस. मी आज तुझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, आणि आज दुपारी खिडकीपाशी वही तिरकी धरली तर कागदावर पेन्सिलचा दाब स्पष्ट दिसला. चारही रेघा सरळ आहेत. तू विसरली नव्हतीस, आई, काहीच विसरली नव्हतीस. मी पुसली.

हे पत्र घडी करून त्याच पानात ठेवते आहे. आणि एक सांगायचं राहिलं. हेसुद्धा मी पेन्सिलनंच लिहिलंय.