चेंबरवरचा पिवळा ठिपका

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती, राहणार वर्कशॉपमागच्या दोन खोल्यांत, बाजारात 'गॅरंटी' या नावाने ओळखला जाणारा, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गाडीचे मागचे डावे बेअरिंग महिनाभरात जाणार हेही सांगितले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छातीही नाही.

मसुदा वकीलबाईंनी तपासला आहे. त्यांनी 'मूर्ख' हा शब्द सात ठिकाणी खोडला. मी तो पाच ठिकाणी परत घातला, त्यांनी तो पुन्हा खोडला. उरलेल्या दोन ठिकाणी मला त्याहून चांगला शब्द सुचला, तोही त्यांनी खोडला.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलाला मिळावी. तो नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री बघतो. बोनेटखाली काय असते हे त्याला माहितीपत्रकात वाचून कळते, आणि तेवढ्यावर तो गिऱ्हाइकाला अर्धा तास ज्ञान पाजतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणे म्हणजे काय ते ज्यांना बघायचे असेल त्यांनी शोरूममध्ये जाऊन बघावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी जागची हलत नाही. याला आम्ही स्लिप म्हणतो. मुलाचा स्वभाव समजावून सांगताना मला दुसरे उदाहरण कधी शोधावे लागले नाही. तरीही तो माझा मुलगा आहे, आजारपणात त्याने माझे पाय चेपले आहेत, म्हणून खोल्या त्याच्या. वर्कशॉप मात्र त्याचे नाही. तिथे गोदाम बांधायचा त्याचा नकाशा मी पाहिला आहे. माझी बसायची जागा त्यात जिन्याखाली दाखवली आहे.

कलम २. कॉम्प्युटर जोडून गाडीचे रोग सांगणारा जो तज्ज्ञ मुलाने माझ्या ट्रकसाठी आणला होता, त्याला माझ्याकडची जळक्या ऑइलची बाटली द्यावी. बत्तीस वर्षांच्या ट्रकला कॉम्प्युटर जोडायची जागाच नसते हे कळायला त्याला पाऊण तास लागला. त्यानंतर "काका, गिअरबॉक्सच बदला" असे सांगून तो गेला. दाढ दुखते म्हणून गेलो असतो तर याने डोके बदलायला सांगितले असते. त्याने रोज सकाळी बाटली उघडून वास घ्यावा. गिअरबॉक्सच्या आत जळलेल्या क्लच-प्लेटांचा वास नाकाला ओळखता आला की मग कॉम्प्युटरला हात लावावा.

कलम ३. माझे वेल्डिंगचे सामान आणि लोखंडी कपाट वेल्डरला. त्याने माझ्याबरोबर बावीस वर्षे काम केले आणि त्यातली वीस वर्षे माझ्याशी सहमत असल्याचे नाटक केले. मला ते नाटक कळत होते.

कलम ४. माझ्या पत्नीचा चष्मा आणि तिचे शिवणाचे मशीन मुलीला मिळावे. पत्नी दर गुरुवारी बहिणीकडे जाते असे सांगून बाहेर पडायची आणि परत आली की तिच्या कपड्यांना ग्रीसचा वास यायचा. तिच्या बहिणीच्या घरात साधी सायकलही नाही. मी सात वर्षे काही विचारले नाही आणि तिनेही काही सांगितले नाही. तिला जाऊन आता चार वर्षे झाली. तिच्या तोंडून मुलीची खुशाली एकदा तरी विचारून घ्यायला हवी होती. नाही विचारली.

कलम ५. हे कलम लांब आहे. वकीलबाईंच्या मते त्याची गरज नाही. फी त्यांची असली तरी मृत्यू माझा आहे.

ट्रक मी अग्निशमन दलाच्या लिलावात घेतला. त्याचे गिअर पाण्यासारखे पडत. अकरा वर्षांपूर्वी मी त्याचे ऑइल आणि फिल्टर स्वतःच्या हाताने बदलले, गिअरबॉक्सखालचा ऑइलचा चेंबर बंद केला आणि बोल्टांवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. बाजारात या ठिपक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. हे काम 'गॅरंटी'ने केले आहे, इथे कोणी पान्हा लावायचा नाही. ठिपका फुटलेला दिसला तर मी गिऱ्हाईक दारातून परत पाठवत असे.

आठ दिवसांनी माझी मुलगी त्या ट्रकवर माझे नवे लेथ मशीन घेऊन वजनकाट्यापासून वर्कशॉपचा चढ चढत होती. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि मी शिकवलेल्या सगळ्यांत हाताने आणि कानाने तीच पक्की होती. निम्म्या चढावर गिअर सुटला. इंजिन बोंबलत राहिले आणि भरलेला ट्रक मागे घसरू लागला. तिने स्टिअरिंग फिरवून मागची बाजू खडीच्या ढिगात घातली. रस्त्यावर माणसे होती. कोणाला खरचटलेही नाही. लेथ पडून त्याचे दोन तुकडे झाले.

मी धावत खाली गेलो. मला माणसे दिसली नाहीत, मुलगी दिसली नाही, लेथ दिसले. ऑइलची पट्टी काढून हुंगली, जळका वास आला. वजनकाट्याजवळ उभ्या असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर मी म्हणालो, "क्लच जाळलेस. पाय आहे की धोंडा? उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

ती म्हणाली, "बाबा, मी अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबलाच नव्हता. आधीपासून पंपाची शिट्टी येत होती, तो हवा ओढत होता. चेंबर उघडून बघा."

"माझं काम उघडू? ठिपका दिसत नाही?"

"ठिपका दिसतोय. फिल्टर बसवताना आत बोट फिरवलं होतं का तुम्ही?"

हा प्रश्न काय आहे ते सांगतो. फिल्टरच्या नळीवर एक रबरी सील असते. जुना फिल्टर ओढला की सील कधीकधी वरच्या भोकातच चिकटून राहते. म्हणून भोकात बोट फिरवून बघायचे आणि जुने सील काढायचे. ते राहिले तर नवा फिल्टर पूर्ण आत जात नाही, फटीतून हवा शिरते, दाब पडतो आणि गाडी गरम झाली की नेमकी चढावर स्लिप होते. हा धडा मी तिला ती तेरा वर्षांची असताना दिला होता. मीच दिला होता.

त्या प्रश्नावर मी तिला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. ती संध्याकाळपर्यंत घर सोडून गेली. पुढे चढाच्या पायथ्याशी, वजनकाट्यापलीकडे, तिने स्वतःचे वर्कशॉप काढले. तिच्याकडे काम जायला लागले तसा मी गिऱ्हाइकांना हा किस्सा जास्त रंगवून सांगायला लागलो. ट्रक मी मागच्या भिंतीला लावून ठेवला. दुरुस्त केला नाही, कारण त्यासाठी चेंबर उघडावा लागला असता. विकलाही नाही. अकरा वर्षे मी त्या ठिपक्याची राखण केली.

या वर्षी भंगारवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "ऑइल काढून द्या, तसाच नाही नेणार." म्हणून मी ट्रकखाली आडवा झालो. ठिपका फोडला, चेंबर सोडवला, आणि फिल्टर आपोआप माझ्या हातात पडला. नवे सील त्याच्या नळीवर होते. वरच्या भोकात बोट फिरवले. जुने सील तिथेच होते.

या कागदात मी पुष्कळ लोकांना मूर्ख ठरवले आहे. माझ्या मुलाने कधी गाडी उघडली नाही, तज्ज्ञाला वास ओळखता येत नाही. मला दोन्ही येत होते. नाचता येईना अंगण वाकडे, असे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावले. मला नाचता येत होते, तरी मी अंगणाला वाकडे म्हटले आणि अंगणाला थोबाडीत मारली. माझ्या मुलीचा दोष नव्हता. चूक माझी होती. हे कलम मी गेल्यानंतर वजनकाट्याजवळ, ड्रायव्हर जमलेले असताना, मुलाने मोठ्या आवाजात वाचावे. आवाज चढवणे त्याला जमते.

कलम ६. वर्कशॉप, जागा, बाकीची सगळी हत्यारे आणि ट्रक मुलीला मिळावेत. ती नको म्हणाली तरी तिचेच. ट्रकची भंगारवाल्याला दिलेली जबान मी मोडली आहे. चार महिने लावून गिअरबॉक्स पूर्ण खोलला, क्लचच्या प्लेटा नव्या घातल्या, एकच सील बसवले. माझ्या हातांत आता तेवढा जोर नाही म्हणून जड भाग वेल्डरने उचलून धरले. बोट मात्र मी फिरवले, तीनदा.

कलम ७. भोकात राहिलेले आणि फिल्टरवरचे, अशी दोन्ही सीले एका पत्र्याच्या डबीत आहेत. मूळ मसुद्यात लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर ही डबी वकीलबाईंनी मुलीच्या हातात द्यावी. ते वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला.

"काका, म्हणजे तिला कळेल तेव्हा तुम्ही सुटलेले असाल."

"तुम्हाला फी कलमं लिहायची देतो, टोमण्यांची नाही," मी म्हणालो.

"टोमण्याची घेतच नाही मी. चढाच्या पायथ्याशी तर राहते ती. फोन करा."

मी मसुदा उचलून घरी आलो. आठ दिवस त्याला हात लावला नाही. बाईंना मनातल्या मनात जे जे म्हणायचे ते म्हणून झाले. मग लक्षात आले की मेल्यावर माफी मागणारा माणूसही ठिपकाच लावत असतो. उघडायला कोणी येऊ नये म्हणून.

तेव्हा मूळ कलम सात रद्द. डबी मालमत्तेत धरू नये, ती माझ्या खिशात आहे. या कागदावर सही झाली की मी ट्रक घेऊन चढाच्या पायथ्याशी जाणार आहे. चालवणार वेल्डर, मी शेजारी बसणार. डबी मी स्वतः देईन. वजनकाट्याजवळ जे उभे असतील त्यांच्यासमोर देईन, कारण थोबाडीत त्यांच्यासमोरच मारली होती. तिने डबी माझ्या तोंडावर फेकली तरी कलम सहामध्ये काडीचा बदल होणार नाही, आणि वाचनाचा जो आदेश कलम पाचमध्ये आहे तो तसाच राहील. एकदा सांगून माझे भागेल इतका मी स्वस्त नाही.

उतरताना काही कळणार नाही. उतारावर कोणताही गिअरबॉक्स शहाणा असतो. परीक्षा येताना आहे. येताना स्टिअरिंगवर बसायचे की नाही ते तिने ठरवावे. नाही बसली तर मी पायी वर येईन, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

ट्रकच्या चेंबरवर या वेळी पिवळा ठिपका दिलेला नाही. बोल्ट साधे आहेत, चौदाचा पान्हा लागतो. तिने उघडून बघावे.

ठिकाण: वर्कशॉपची पुढची खोली, लोखंड पकडायच्या व्हाइसशेजारचे टेबल
वार: गुरुवार

सही: (ज्यांना बाजारात 'गॅरंटी' म्हणत ते)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत यांनी सही केली. शुद्धीवर होते, रागात होते, आणि टेबलावरून उठायची घाई करत होते.

साक्षीदार १: समोरच्या दुकानातील टेलर (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही, बेअरिंग तपासून घेतले, खराब निघाले)