सुधाचं पुस्तक तू पळवलंस

गोरेगाव, १२ मे १९४१

चि. मार्तंडास, आशीर्वाद.

शनिवारी, १० मे रोजी दुपारी सव्वातीन वाजता, सुधानं सुट्टीत वाचायला आणलेलं समुद्रसफरीचं पुस्तक बॅगेत घालून तू हैदराबादला पळालास. स्वतःच्या पोरीला विचारलंही नाहीस. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर याला सरळ चोरी म्हणायच्या.

आदल्या दिवशी तूच नाक मुरडलंस, "वकिलानं काय पोरांच्या गोष्टी वाचायच्या?" मग तुला जेवायला तीन हाका का माराव्या लागल्या?

सुधा आणि गोपाळ, तुझी दोन्ही लेकरं खुशाल आहेत, फक्त रुसलेत. दुपारचं वाचन बंद पडलं. डाळ निवडत ऐकणारी चतुराबाई मला विचारते, "मंग ते जहाज बुडालं का वो बाई?" काय सांगू? त्या जहाजापायी माझीच झोप उडाली आहे.

तुला स्टेशनावर सोडणारा गाडीवान संतराम म्हणाला, "साहेब दमणीत वाचूनच राहिले व्हते. मधीच मोठ्यानं हसले." लेकरांची आई गेल्यापासून तुझं हसणं मी ऐकलं नव्हतं. तेवढ्यासाठी चोरी माफ. पुस्तक माफ नाही.

ते टपालानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, आणि उरलेली प्रकरणं तूच लेकरांना मोठ्यानं वाचून दाखव. वेळेवर जेवतोस ना?

कोणत्या गाडीनं येतोस ते २० मेच्या आत लेखी कळव. स्वतःच्या हातानं लिही. कारकुनाचं पत्र मी फाडून टाकीन. आणि जहाजाचं काय झालं, याबद्दल त्यात एक अक्षरही नको.

तुझी संतापलेली
आई